अकरा कडुलिंबांचा पक्ष

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात तसे आमच्या पक्षाचे किस्से साठलेत. फेकवत नाहीत, आणि कुठे जोडावेत तेही कळत नाही!

खरं तर शिंप्याचं दुकान हेच आमचं ऑफिस होतं. नांदूरघाटचे बापू शिंपी अध्यक्ष. शेळ्या राखणाऱ्या कावेरीमावशी पंचायत समितीच्या उमेदवार. आणि मी सचिव, कारण ऑनलाईन फॉर्म भरता येणारी मी एकटीच! हरित पक्ष आमचा, मागणी एकच: रस्ता रुंद करताना बाजारतळावरची कडुलिंबाची अकरा झाडं तोडू नका. आता दुकानाला कुलूप आहे. पण कुठे शिलाई मशीनचा खडखडाट ऐकला, की मला मीटिंग सुरू झाल्यासारखं वाटतं.

*

निशाणी म्हणून आम्ही झाड मागितलं. मिळाला रोड रोलर! कागद मी तीनदा वाचला. रुंदीकरणाविरुद्ध लढणारा पक्ष, आणि निशाणी ही? बापूंना सांगताना मी रडायचीच बाकी होते.

बापूंनी शांतपणे सुईत दोरा ओवला. "कावून रडायलीस पोरी? रोलर आता आपल्या ताब्यात हाय. सोडायचाच न्हाई!"

*

छोट्या पक्षाला युतीशिवाय कोण विचारतं? पण बापूंची अट होती, आधी झाड लावा, मग बोला. एक अपक्ष पुढारी आले, रोप लावलं, फोटो काढला, गेले. बापूंनी माती उकरून पाहिलं. प्लास्टिकची पिशवी तशीच!

लगेच फोन. "साहेब, युती न्हाई जमायची."

"कावून बापू? झाड लावलं की!"

"पिशवीसकट लावलंय तुमी. तुमच्यात आलो तर आमच्या बी मुळ्या पिशवीतच राहत्यात!"

*

मग एका सरकारी कागदात आमच्या झाडांना चक्क 'झुडपे' म्हटलं. बापू टेप घेऊन निघाले. ब्लाउजच्या मापांच्या वहीत अकरा झाडांचे घेर लिहिले आणि ती वही थेट कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमच्या झुडपाला सदरा शिवून देतो. कापड तेवढं तुमी आणा!"

*

भर सभेत कोणीतरी ओरडलं, "मावशे, झाडं वाचवल्यावर शेळ्या काय खात्याल?" मी दचकून माइकच खाली पाडला.

मावशींनी तो उचलला. "शेळी पाला खाती बाबा. खोड खाणारे येगळे असत्यात!"

सगळा बाजार हसला. पहिल्या रांगेतला रस्त्याचा ठेकेदार तेवढा हसला नाही.

*

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. तालुक्यातल्या मोठ्या पक्षाचे तात्या स्वतः दुकानात आले. मावशी उभ्या राहिल्या तर त्यांचा माणूस पडत होता.

"माघार घ्या. झाडाला हात लागणार न्हाई. शब्द हाय माझा."

तीनपर्यंतच वेळ होता. माघारीचा अर्ज माझ्या हातात होता. मागून शब्द फिरला तर झाडंही गेली आणि पक्षही!

मावशी म्हणाल्या, "नुसता शब्द नको तात्या. युती म्हंजी सोयरीक. रीतीनं करू."

त्यांनी तात्यांना बाजारतळावर नेलं. अकराही खोडांना हळद लावली. बापूंनी टराटरा कापड फाडून एकेकाला खण बांधला. मग भरल्या बाजारात मावशींनी तात्यांच्या हातात नारळ दिला.

"माझ्या अकरा लेकी तुमच्या घरात दिल्या. नीट नांदवा."

तात्या हसले. नारळ घेतला. मावशींनी अर्जावर सही केली.

उन्हाळ्यात झाडं पाडायचं मशीन आलंच. मी पळत पोचले. तात्यांची गाडी आधीच उभी होती. ठेकेदार नकाशा दाखवत होता. रस्ता सरळ, मधोमध झाडं.

मावशी गर्दीतून पुढे आल्या. डोक्यावर पदर घेऊन पहिल्या झाडाशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या.

तात्यांनी मावशींकडे पाहिलं. जमलेल्या बाजाराकडे पाहिलं. नकाशाची घडी घालून ठेकेदाराच्या खिशात कोंबली.

"वाकव बे रस्ता! विहीण उभी हाय, दिसंना व्हय?"