डेपोच्या बँडमधला सगळ्यात वरचा स्वर

आमची आई बस डेपोच्या टायर विभागात तेहतीस वर्षं कामाला होती. चाक उतरवायचं, ट्यूब तपासायची, हवा भरायची, चाक परत चढवायचं. घरी आली की तिच्या हातांना रबराचा वास यायचा आणि तो कुठल्याही साबणाला दाद द्यायचा नाही. त्याच हातांनी ती डेपोच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. लोकांना याचं फार नवल वाटायचं. "टायर आणि बाजा, दोन्ही जमतं कसं हो?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "दोन्हीकडे हवाच भरायची असते. टायरला पंप आहे, इथे मलाच फुंकावं लागतं, एवढाच फरक."

ट्रॉम्बोन तिने काही हौसेने निवडला नव्हता. बँडमध्ये माणसं कमी पडतायत अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ती जाईपर्यंत कपाटात दोनच वाद्यं उरली होती. एक फाटका ढोल आणि एक पोचे आलेला, लांबलचक पितळी ट्रॉम्बोन. बँडमास्तरांनी तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "हात लांब आहेत तुझे. नळी शेवटपर्यंत पोचेल." झाली निवड.

ट्रॉम्बोनला बोटांनी दाबायची बटणं नसतात. एक सरकती नळी असते, ती पुढेमागे करायची. बाकी सगळा कारभार ओठांचा आणि श्वासाचा. खालचे स्वर एकमेकांपासून ऐसपैस बसलेले असतात. जसजसं वर जावं तसतसे ते दाटीवाटीने उभे राहतात, आणि अगदी वर तर नळी जेमतेम हलवायची असते. ओठ केसभर इकडेतिकडे झाला की शेजारचाच स्वर हजर. म्हणून बहुतेक वाजवणारे त्या बाजूला फिरकत नाहीत. आईसुद्धा अकरा वर्षं मागच्या रांगेत बसून खालचे जाडजूड स्वर वाजवत होती. डेपोत तिला 'भोंगा' म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. टेलिफोनवर स्वतःच सांगायची, "हं, बोला, भोंगा बोलतेय."

घरी वाजवायची सोय नव्हती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, तेही घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चिमट्यात तांदळाएवढा स्क्रू धरलेला असताना शेजारी ट्रॉम्बोन वाजला तर तो स्क्रू कुठे जाईल ते सांगायला नको. म्हणून आई पाळीच्या अर्धा तास आधी डेपोत जायची आणि टायरच्या कोठारात वाजवायची. चारी बाजूंनी टायरच्या चळती, त्यामुळे आवाज बाहेर फारसा जात नसे.

अशाच एका सकाळी तिच्या ओठातून भलताच स्वर निसटला. खालचा वाजवायला गेली आणि कुठून तरी वरून एक बारीक, चकचकीत आवाज आला आणि गेला. संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "आज एक स्वर सापडला."

"हरवला कधी होता?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"चेष्टा नको. तो ट्रॉम्बोनचा नव्हताच वाटत. पण माझ्याच तोंडून आला."

आणि मग तिने त्याचा पिच्छा पुरवला. तेव्हा तिला कोणी शिकवणारं नव्हतं. तिला वाटलं, वर जायचं म्हणजे जोर लावायचा. टायर निघत नसेल तर ती तेच करायची ना! ती माउथपीस ओठांवर दाबायची, अजून दाबायची, डोळे लाल होईपर्यंत फुंकायची. स्वर यायचे, नाही असं नाही. पण किंचाळत यायचे. जेवताना तिच्या ओठांभोवती लाल वर्तुळ उमटलेलं असायचं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मैत्रिणी घरी आल्या की मी तिला ओढणी तोंडावर घ्यायला सांगायची. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

व्हायचं ते झालं. एका रविवारी बागेत बँड वाजत असताना, ऐन धुनीच्या मध्यावर, आईच्या ट्रॉम्बोनमधून नुसती हवा आली. तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. उरलेला कार्यक्रम ती वाद्य मांडीवर घेऊन बसली.

घरी आल्यावर बाबांनी तिला खिडकीशी बसवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि वरचा ओठ दोन बोटांनी उलटून पाहिला. भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "अगं, स्क्रूसारखे आटे गेलेत याचे. इतकं पिळतं का कोणी?"

डॉक्टरांनी तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. ओठाचा स्नायू आतून फाटला होता. चार महिने वाद्याला तोंड लावायचं नाही.

"बोलायला हरकत नाही ना?" आईने विचारलं.

"काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"अरेरे," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसात आई पहिल्यांदा हसली. ओठ दुखला म्हणून लगेच थांबली.

चार महिन्यांनी मास्तरांनीच तिला एका बाईंचा पत्ता दिला. बाई संगीत शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर ट्रॉम्बोन शिकवला. कवळी बसवल्यापासून वाजवणं सोडलं होतं, पण कान मात्र शाबूत. आई दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे जायला लागली. कधी कधी मीही जायची. बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आई जिना चढून धापा टाकत आली की बाई म्हणायच्या, "बस आधी. दमलेला श्वास मला ऐकवू नकोस."

पहिले सहा महिने बाईंनी तिला मधल्या सप्तकाच्या वर पाऊल टाकू दिलं नाही. सगळं हळू, सगळं खाली. आई चिडायची.

"बाई, मला वर जायचंय."

"माहितेय. म्हणून तर ओठ फाडून घेतलास. जोर ओठांवर नको, श्वासात हवा. जीभ वर उचल, 'ई' म्हणताना उचलतेस तशी. वाट अरुंद झाली की हवा आपोआप पळते. तू नुसती वाट करून दे."

दाबायची सवय मात्र जाता जात नव्हती. तेव्हा आईनेच एक युक्ती काढली. कोठारात टायरच्या चळतीवर तिने एक गुळगुळीत फळी आडवी टाकली, तिच्यावर ट्रॉम्बोन नुसता ठेवला आणि हात पाठीमागे बांधून वाकून वाजवायला लागली. ओठ जरा दाबले की वाद्य पुढे घसरायचं. पहिल्या आठवड्यात ते दोनदा खाली पडलं आणि आधीच्या पोच्यांत आणखी दोनांची भर पडली. मास्तरांना काय सांगायचं या काळजीने ती सगळा दिवस ते पोचे अंगठ्याने चाचपत होती. दीड वर्षानंतर ट्रॉम्बोन फळीवर जागचा हलत नव्हता, आणि आई त्याच्यातून असे स्वर काढत होती की मी कोठाराच्या दारात उभी राहून आधी आत दुसरं कोणी आहे का ते बघायची.

त्याच सुमारास डेपोला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. मास्तरांनी त्यासाठी स्वतः एक रचना केली. शेवटी सगळा बँड थांबतो आणि एकट्या ट्रॉम्बोनचा एकच स्वर राहतो. अतितार सप्तकातला, आणि तोही हळू आवाजात, आठ मात्रा. कागद हातात पडल्यावर ट्रम्पेटवाले काका उभेच राहिले. काका म्हणजे बँडमधलं सगळ्यात जुनं खोड.

"मास्तर, ही छपाईची चूक दिसते. इतक्या वर हळू वाजवायचं तर आम्हा ट्रम्पेटवाल्यांना घाम फुटतो."

"चूक नाही," मास्तर म्हणाले. "कोठाराच्या भिंतीला कान लावून लिहिलंय मी ते."

तालमीत तो स्वर दोनदा फुटला. तिसऱ्यांदा आलाच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ट्रम्पेटला देऊन टाका ना, कशाला जिवाला घोर?" आईने वाद्य खाली ठेवलं. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता.

"द्या ना. पण आधी त्यांच्याकडून हळू वाजवून घ्या."

काकांनी वाजवला. स्वर आला, चांगला दणदणीत आला. हळू मागितल्यावर विझला. काकांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, ट्रम्पेटकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले. "राहू दे भोंग्याकडेच," ते म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

कार्यक्रम दुरुस्तीच्या शेडमध्ये होता. बसखाली उतरायचे खड्डे फळ्यांनी झाकून वर खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळ्यांच्या घरची माणसं. बाई पहिल्या रांगेत. मी आणि बाबा मधे कुठेतरी. मी बाबांना विचारलं, "येईल ना?" ते म्हणाले, "मला काय विचारतेस, मी घड्याळवाला माणूस," आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

बँड थांबला. आईने श्वास घेतला, तो तिच्या खांद्यांत दिसला नाही. स्वर नेमका कधी सुरू झाला ते मला कळलंच नाही. आधी काहीच नव्हतं आणि मग तो होता, बारीक, स्थिर, शेडच्या पत्र्याखाली सगळीकडे. किंचाळी नाही, थरथर नाही. लोक माना वळवून ट्रम्पेटवाल्यांकडे बघायला लागले. काकांनी आपला ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवलेला होता. त्यांनी नुसता अंगठा मागे केला, आईच्या दिशेने. तेव्हा सगळ्या शेडने तिच्याकडे पाहिलं, टायर विभागातल्या त्या लांब हातांच्या बाईकडे, जिची नळी जवळजवळ हलतही नव्हती.

आठ मात्रा झाल्या. मास्तरांचा हात खाली आला नाही. नऊ, दहा. आई डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होती आणि स्वर तसाच होता. बाराव्या मात्रेला मास्तरांनी हात मिटला.

टाळ्यांचं काय सांगू! टायर विभागाची माणसं तर खुर्च्यांवर चढली होती. बाबा टाळ्या वाजवायचेच विसरले. शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, "आमच्या घरातल्या आहेत." आई जागेवरून उठली ती थेट मास्तरांकडे गेली. "आठ लिहिता आणि बारा करवून घेता होय?"

"मला सोडवेना," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

बाईंनी आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, ओठ नीट पाहिला आणि कुठेही खूण नाही म्हटल्यावर फक्त मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवलं मी. हा स्वर असा हळू मी स्वतः कधी वाजवला नाही. हे तुझ्या आईला आज सांगू नकोस, उद्या सांग." मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

त्या स्वराची गोष्ट तोंडोतोंडी पसरली. वर्षभराने संगीत शाळेतले ट्रॉम्बोनचे एक शिक्षक दहाबारा विद्यार्थ्यांना घेऊन डेपोत आले. आई जेवणाच्या सुट्टीत हात पुसत बाहेर आली आणि शेडच्या एका कोपऱ्यात तिने त्यांना बारीक, हळू स्वरांची अख्खी शिडी चढून दाखवली. पोरं वहीत लिहायची विसरली. सगळी बसमध्ये जाऊन बसल्यावर शिक्षक एकटेच परत आले. वीस वर्षं शिकवणारा माणूस, पण विचारताना चाचरत होता.

"मला शिकवाल का?"

आईने जरा विचार केला. "शनिवारी या, तीन वाजता. आणि जेवून लगेच येऊ नका, पोट भरलेलं असलं की श्वास अडतो."

ते शनिवारी पावणेतीनलाच कोठाराच्या दारात उभे होते.