बाबा बोटीवरून उतरलेच नाहीत

मंडळी, आज आमची क्रूझ कोचीला थांबली. आम्ही सगळे उतरलो, बाबा नाही. "तुम्ही या फिरून," म्हणाले.

मी परत आले तर बाबा रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये आमच्या टेबलच्या वेटरशी बोलत बसलेले. तो आपल्या नागपूरजवळच्या कन्हानचा निघाला. त्याने सहज विचारलं होतं म्हणे, "काकूले काहून नाही आणलं जी?"

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. बाबांना त्रास होईल म्हणून घरात आम्ही तिचा विषयच काढत नाही. आणि इथे बाबा त्याला सांगत होते, "तिलेच समुद्र पाहाचा होता गा."

मला हे माहीतच नव्हतं. मी दारातच थांबले.

थोड्या वेळाने त्याच टेबलवर आम्ही जेवायला बसू. आईचा विषय मी कसा काढू, सांगाल का कोणी?