तिसरी हाक

बिथिनियाच्या डोंगरात दुपार कलली, की म्हातारा मोकापोरिस मेंढवाड्यालगतच्या अक्रोडाखाली आडवा होतो. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी तोंडावर ओढतो. "जरा पाठ टेकतो," असं बायकोला सांगतो. झियाका काय समजायचं ते समजते. डोळा लागला, की म्हातारा मुलाला भेटायला जातो.

मुलगा डिझास परमुलखात लढाईत गेला. त्याचा देहसुद्धा घरी आला नाही. अशा माणसासाठी ही मंडळी रिकामी कबर रचतात आणि नाव घेऊन तीन हाका मारतात. तिसऱ्या हाकेला जीव घरी येतो, विसावतो. मोकापोरिसने दोनच मारल्या. तिसरीला घसा दाटला, असं त्याने गावाला सांगितलं. घसा कसला दाटतोय! लबाडी होती ती सरळ सरळ. घरी येऊन विसावलेलं पोरगं स्वप्नात कशाला आलं असतं?

आजही तो आलाय. म्हातारा मेंढवाड्याचं कुंपण ओलांडतो, तर पलीकडे नदी आहे आणि कमरेएवढ्या पाण्यात डिझास उभा आहे.

"इकडे ये ना रे."

"कसा येऊ, बाबा? तुम्ही अजून बोलावलंच नाही."

"रोज भेटतोस की."

"तुम्ही भेटून घरी जाता. मी इथेच असतो. पाणी फार गार आहे हो."

नदी आता त्यांच्याच घरातून वाहते आहे. काठावर चूल आहे, चुलीशी झियाका पाठमोरी बसली आहे. मुलगा तिच्यापासून चार पावलांवर कुडकुडतोय आणि तिला त्याचा पत्ता नाही. हे म्हाताऱ्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"हाक मारली, तर परत दिसशील?"

"नाही. पण घरात असेन."

म्हातारा काठावरून पाण्याकडे वाकतो. डिझास हात लांब करून त्याचं मनगट धरतो. लहानपणी ओढा ओलांडतानाही तो बोट न धरता मनगटच धरायचा. आता मात्र म्हाताऱ्याला राहवत नाही.

"डिझास!"

स्वतःच्याच ओरडण्याने त्याला जाग येते. हातातलं काम टाकून झियाका धावत आली आहे.

"मारलीत हाक?"

"मारली. आता मला तो कधी दिसायचा नाही गं." म्हातारा लहान मुलासारखा रडू लागतो.

त्याच्या मनगटावर काळा, ओला गाळ आहे. पाचही बोटं उमटली आहेत. झियाका त्यावर आपला तळवा ठेवते. गाळ अजून गार आहे.

"उठा," ती म्हणते, "चूल पेटवायला हवी. पोरगं भिजून आलंय."