वीस बादल्या

माझे सासरे इस्तारी जमीन एकरात मोजत नाहीत. ज्या बांधीत पायलीभर धान फेकून पेरता येतं, ती पायलीची बांधी, आणि तिला गोबरगॅसच्या स्लरीच्या वीस बादल्या. गॅस बसल्यापासून हेच माप.

यंदा त्यांनी पहिल्यांदाच रोवण्यासाठी पऱ्हे, म्हणजे धानाच्या रोपांचा वाफा, टाकायचं ठरवलं. पऱ्ह्यात बी दाट पडतं. पायलीभर धानाला अंगणाएवढी जागा पुरते. तरी त्या एवढ्याशा जागेवर मामाजींनी वीसच्या वीस बादल्या ओतल्या.

"पायली म्हंजे पायली," असं वर मलाच दटावलं.

जमिनीनं स्लरी पिलीच नाही. बांध फोडून ती खालच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, उतरली. तिथे कालच गावच्या ढिवरांनी मासोळीचं बी सोडलं होतं. शेण पाण्यात मिसळलं की मासे श्वासासाठी वर येतात, हे इथे कोणीही सांगेल. मामाजी बांध बुजवत होते. वर आभाळ भरलेलं.

बोडीवर बारीक बारीक वलयं उमटायला लागली.

"रुपाली, पानी येऊन राह्यला का वं?" त्यांनी घाबरून विचारलं.

मी हात पुढे केला. तळवा कोरडाच राहिला.

"नाई, मामाजी."