बूड टेक गं आधी

आमच्या नर्सबाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. दवाखान्याच्या ओट्यावर त्या उभ्या, कुणाच्या दारात चहा घ्यायच्या तोही उभ्यानंच. बशी तोंडाला लावायची आणि चालू पडायचं. गावातल्या एकूणएक पोटुशी बाईला मात्र त्या एकच सांगत फिरायच्या, "बूड टेक गं आधी." पारावरच्या टवाळांनी त्यांचं नावच बूडटेकबाई पाडलं होतं. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "पाडू देत. त्यांना कुठं कधी दिवस गेलेत?"

दौंडापासून दोन कोसांवर, भीमेच्या अलीकडं आमचं गाव. आमचे मालक दौंडच्या मालधक्क्यावर हमाली करायचे, मी आणि सासूबाई रोजानं खुरपायला जायचो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दिवसांत सरकारनं आमच्या भागात एक नवी मदत सुरू केली होती. हातावर पोट असलेल्या नवराबायकोला मूल व्हायचं असलं, की बाईनं शेवटचे दोन महिने घरी बसायचं आणि तिचा बुडालेला रोज सरकारनं द्यायचा. गावाला हे काही पचेना. खुरपलं की पैसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक. बसलं की मिळतात हे कोण खरं मानणार? आत्याबाईंनी तर तोंडावर विचारलं, "बाई, बसायचं पैसं कवा कुणी दिल्यात व्हय?"

"पैसे आले की तुमच्याकडंच ठेवा, मावशी," बाई म्हणाल्या. "मला फक्त सून बसलेली दिसू द्या."

पण रिकामं बसणं आम्हाला कुठं येत होतं! हाताला काम नसलं की जीव कासावीस व्हायचा, आणि शेजारणी नाकं मुरडायच्या त्या वेगळ्याच. मग बाईंनी घरोघरची फाटकी लुगडी गोळा करायला लावली आणि दुपारी आम्हा चार पोटुशींना दवाखान्याच्या ओट्यावर बाळाच्या गोधड्या शिवायला बसवलं. मी सुई हातात घेईना. पोटातल्या बाळाचं काही आधी शिवू नये म्हणतात, आणि मी तर आदल्या वर्षी मोठ्या हौसेनं कुंची शिवली होती. ते लेकरू आठव्या महिन्यात, खुरपता खुरपता, रानातच गेलं. बाईंना ते माहीत होतं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "आपल्याचं शिवू नये ना? मग दुसरीच्याचं शिव. हमीदाच्या पोराचं तू, तुझ्या पोराचं हमीदा."

मुलाण्यांची हमीदा माझ्या शेजारीच बसली होती. तिनं हसून माझ्या मांडीवरचं लुगडं आपल्याकडं ओढलं आणि तिचं माझ्या पुढ्यात टाकलं. असं आमचं बसणं सुरू झालं.

भाद्रपदात बाजरीत तण माजलं. माणसं मिळेनात म्हणून बागायतदार रोज वाढवून द्यायला लागले. मला आठवा चालू होता. सरकारी पैसे दौंडाहून यायचे ते अजून वाटेतच होते आणि घरात पीठ नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "एका दिसानं काय हुतंय? चल." त्यांना तरी काय दोष द्यायचा? मी गेले, पण पहिल्या वाकण्यापासून मनात तेच, आदल्या वर्षीचं. हेही लेकरू हातचं जातं की काय, या भीतीनं हात चालेना.

दुपारी बाई बांधावर दिसल्या. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. पण बाईंनी पांढरं पातळ वर खोचलं, माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि माझ्या ओळीची पात धरली. "तू बांधावर बूड टेक," एवढंच म्हणाल्या. सरकारी नर्स आमच्या पातीला बसून खुरपतेय, सगळं रान बघायला लागलं. आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उठा वं बाई. आमीबी पातीवरनं उठूनच बाळंत झालो की."

बाईंनी मान वर केली नाही. "झाली किती ते नाही विचारत, मावशी. राहिली किती?"

आमचे मालक आत्याबाईंचे एकुलते एक. त्यांच्या आधीच्या लेकरांचं नाव घरात कुणी काढत नसे. आत्याबाईंनी आपलं खुरपं खाली ठेवलं आणि त्या माझ्याजवळ बांधावर येऊन बसल्या. भर कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "उद्यापास्नं न्हाई आणत," त्या पुटपुटल्या. बाईंनी मात्र पात पुरी केली आणि माझा रोज बुडू दिला नाही. (मघाशी मी म्हटलं, बाई कधी बसल्या नाहीत. ते उकिडवं बसणं मी बसण्यात धरत नाही.)

मला मुलगी झाली, आणि ती रडली. हमीदानं शिवलेल्या गोधडीत आत्याबाईंनी तिला गुंडाळलं. पुढच्या आठवड्यात हमीदाचा पोरगा माझ्या गोधडीत आला. सरकारचे पैसे आले ते बारसं झाल्यावर, पण आले.

दोनेक वर्षांनी ती मदत बंद झाली. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाईंनाही सांगितलं नसावं. त्यांची बदली झाली, नदीपलीकडं शिरूरच्या बाजूला. आम्ही सगळ्याजणींनी आपापल्या लुगड्याचा एकेक तुकडा घालून त्यांच्यासाठी गोधडी शिवली. आत्याबाईंनी ती त्यांच्या हातात दिली. "पांघरायची न्हाई बरं का बाई. ही बसायला हाय."

शिरूरची एस.टी. आली ती खचाखच भरलेली. बाईंनी गोधडी काखेत धरली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. आत्याबाई खिडकीशी जाऊन एका बाप्याला म्हणाल्या, "दादा, त्यास्नी बसू द्या की." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कंडक्टरनं घंटी मारली.

मला तेव्हा पुन्हा दिवस होते. सकाळपासून मी उभीच होते. गाडी हलता हलता बाई खाली वाकल्या, खिडकीतून आधी माझ्या पोटाकडं आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाल्या, "बूड टेक गं आधी."

गाडी गेली. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, धुळीत बसले. आत्याबाई येऊन माझ्याजवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी खुरपायला जायचं होतं.