मोठेबाबांची टाच

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या मोठेबाबांइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल अशी आशाही नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते पंख्याखाली झोपत नसत, न जाणो पडला तर! बोराची बी चुकून गिळली की दिवसभर पोट चाचपत बसत. वाहनाचं तर नावच काढू नका. एकदा कुणीतरी बळेच ऑटोत बसवलं, तर राजापेठ येईपर्यंत डोळे गच्च मिटून त्यांनी ड्रायव्हरचा खांदा धरून ठेवला. शेवटी तो बिचारा म्हणाला, "काकाजी, घर आलं, आता तं सोडा." तेव्हापासून अमरावतीत कुठेही जायचं तर पायी.

पण ती वर्षंच भिण्याची होती. पेपर दारात पडला की आई तो आधी उचलून लपवायची, कारण रोज त्यात कुणी ना कुणी जीव दिल्याची बातमी. माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. जिनिंगला कुलूप लागलं आणि बाबांच्या तोंडालाही. मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून असत. मोठेबाबा रोज सकाळी राजापेठेतून चालत यायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "लहान्या, हायेस का बे?" आतून बाबांचं "हाव" आलं की मगच चप्पल काढायचे. तोवर मी आणि आई श्वास रोखून उभ्या. खरं सांगते, त्या एका "हाव"वर आमचा दिवस चालायचा.

एके दिवशी हाक आलीच नाही. मी धावत राजापेठेत गेले, तर मोठेबाबा पलंगावर टाच धरून बसलेले. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ गेली म्हणे. "पोरी, मी चालायचा राहिलो तं लहान्याले हाक कोण मारीन?"

"ऑटोनं या ना."

"आन् ऑटोत मीच मेलो तं?"

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी तळवा दाबून सांगितलं की तळव्याची शीर ओढली गेली आहे, औषधापेक्षा व्यायामानं बरं वाटेल, पण महिने लागतील. उठण्याआधी पायाची बोटं हातानं अंगाकडे ओढायची. भिंतीला हात टेकून, मागचा पाय ताठ ठेवून पोटरी ताणायची. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या. बाप्पा! मोठेबाबांना भिंतीचीही भीती. "रेटून रेटून पडली तं?" आणि पायरी म्हणजे तर कडेलोटच. "मांगं गेलो तं डोस्कं फुटन. मले धरायले मानूस पाह्यजे." मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, धरते म्हणाली, तर म्हणे, "तू सोडून देशीन." मी धरते म्हटलं, तर म्हणे, "तुह्या अंगात जीव हाय का? लहान्याले पाठव."

मी घरी येऊन सांगितलं. बाबा भिंतीकडून वळले. मग उठून सदरा घातला. "भाऊ पडन," एवढंच म्हणाले.

मग रोज बाबा राजापेठेत जाऊ लागले. मोठेबाबा पायरीवर कठडा धरून उभे, मागून बाबांनी कंबर धरलेली, आणि टाच खाली सोडताना दर वेळी आळीभर ऐकू जाईल असा ओरडा, "धरलं ना बे?" बाबांना "धरलं" म्हणावंच लागे. टाचेची कळ हळूहळू उतरत होती, पण मोठेबाबा काही बाबांना सुट्टी देईनात.

आणि मग एका सकाळी आमच्या दारात ऑटो थांबला. त्यातून मोठेबाबा उतरले! डोळे सताड उघडे, पायात चप्पल नाही. "लहान्या कोठी हाय? आला नाही अजून!" आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. बाबा तर केव्हाचे निघाले होते. आम्ही तिघंही ऑटोत बसलो. मोठेबाबा ड्रायव्हरवर खेकसत होते, "जोऱ्यात घे ना गा, हात काहून आखडून राहिला?"

राजापेठेच्या अलीकडे, एका गादीघरात, बाबा रुईच्या ढिगापाशी मांडी घालून बसले होते. चिमूट ओढून गादीवाल्या चाचांना सांगत होते, "याच्यात जुनी रुई मिसळली हाय, चाचा. धागा पाहा, किती आखूड." चाचांनी आमच्याकडे बघून हात जोडले. "ले जाओ भाई इनकू. कबसे मेरे मालमें खोट काढून राहिले!"

इतके महिने मुके असलेले बाबा बोलत होते. मोठेबाबांनी शिव्या घालायला तोंड उघडलं. पण ते तिथल्याच नव्या गादीवर बसले. "टाच लय दुखून राहिली बे," म्हणाले आणि लहान पोरासारखे हमसून रडले. बाबांनी त्यांचा मातीनं भरलेला पाय मांडीवर घेतला आणि बोटं धरून सावकाश अंगाकडे ओढली.

मोठेबाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा थकलेत, पण रोज सकाळी पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा खाली सोडतात. त्यांची टाच कधीही दुखली नाही. मी मागे उभी असते, तरी ते विचारतातच, "धरलं ना?"

"धरलं, बाबा."