बुटाच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राव, पुढं माझी कीव करायची वेळ येणार आहे. भर खंडेनवमीला, चार माणसांसमोर, मी माझ्या सख्ख्या काकाला अडाणी ठरवलं. आणि कशावरून? एका पत्र्याच्या डब्यावरून!

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं ते विचारू नका, घरात रोज विचारतात तेवढं बास आहे. वडिलांचं म्हणणं एकच, "सोमवारपासून चाकणला कंपनीत ट्रेनी म्हणून लाग. मी बोलून ठेवलंय." ते कायम बोलूनच ठेवतात. आमच्या घरात मोठ्या माणसांचा मुख्य धंदा तोच.

मला मात्र कॉम्प्युटर जोडता येतात. भोसरीत बाळूकाकांचं वर्कशॉप आहे, त्यांना मशीनची ड्रॉइंग बघायला कॉम्प्युटर हवा होता. केबिन एवढीशी की काका आत गेले तर खुर्ची बाहेर काढावी लागते. म्हणजे कॉम्प्युटर छोटा पाहिजे. मी वडिलांना म्हटलं, "हा जोडतो. खंडेनवमीला आजूबाजूचे शेडवाले येतात, बघतील, कामं देतील. मग चाकण रद्द."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर सोमवारी जातो."

लागली पैज.

आता छोटा कॉम्प्युटर म्हणजे काय, तर सगळा खेळ कॅबिनेटचा. आतल्या वस्तू त्याच, डबा लहान. मोठ्या डब्यात कुणीही कोंबेल हो! पिंपरीत रफीकभाईंच्या दुकानात दोन डबे समोर ठेवले. एक आडवा, चपटा, पोळपाटासारखा. दुसरा उभा, बुटाच्या खोक्याएवढा, वर जाळी. मी दोन्ही उघडले. बंद केले. परत उघडले. मला एकच कोडं पडलं होतं. एवढ्याशा जागेत गरम हवा जाते कुठं?

मी उदबत्ती मागितली.

"दुकान पेटवतो का काय भावा?" रफीकभाई ओरडले.

"धूर कुठून निघतो ते बघायचंय."

डब्यातला पंखा लावून मी उदबत्ती धरली. चपट्या डब्यात धूर घुटमळला, कडेकडेनं कंटाळल्यासारखा बाहेर आला. उभ्या डब्यात मात्र खालून शिरला आणि जाळीतून सरळ वर! मी तर बघतच राहिलो. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी रफीकभाईंनी उदबत्ती काढून घेतली.

"घ्यायचाय का याच्याशी निकाह लावायचाय?"

घेतला. उभा, जाळीवाला. घरी दोन दिवस खपून जोडला. त्यात एक गंमत बघा. साध्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय मागच्या बाजूला असतो, वायर थेट त्यात. या डब्यात तो पुढं, आत लपवलेला. मागं नुसतं सॉकेट, तिथून आतून एक वायर पुढं जाते. काय डोकं लावलंय! ज्यानं बनवला त्याचे पाय धरावेसे वाटले. चालवून बघितला, पळत होता घोड्यासारखा.

खंडेनवमीला सकाळी वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला. मशीन पुसलेल्या, झेंडूची तोरणं लावलेली, शेजारचे सातपुतेशेठ आलेले. वडील दारात हाताची घडी घालून उभे. काकांनी लेथला हळदकुंकू वाहिलं, ड्रिलला वाहिलं, ग्राइंडरला वाहिलं. आणि मी चहा घेऊन वळतोय तोवर माझ्या जाळीवर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर अक्षता! वरून फुलानं पाणी शिंपडलं.

"चालू कर रं," काका म्हणाले.

बटण दाबलं. ढिम्म.

परत दाबलं. ढिम्म!

वडिलांनी घसा साफ केला. तो आवाज मी ओळखतो. त्यात चाकणची बस येते.

मग मी सुटलो. "काका, डोकं आहे का? ही काय लेथ आहे? जाळीतून सगळी हळद आत गेली! तुमच्या पिढीला दिसेल त्या वस्तूला कुंकू लावायची हौस! विचारायचं तरी!"

काका एवढेसे झाले. "आमी सगळ्याच हत्याराला लावतो रं... हवा मारू का काँप्रेसरनं?"

"हात लावू नका! त्या हवेत पाणी असतं!"

पेपर अंथरला, डबा उघडला. पंखा काढला, बोर्ड काढला. ब्रशनं एकेक अक्षता टिपली. तासभर! सगळे पेढा हातात धरून उभे, कारण कॉम्प्युटर चालू झाल्याशिवाय काका खाईनात आणि काकांआधी कोण खाणार? मी मात्र ब्रश मारता मारता सातपुतेशेठना जुन्या लोकांच्या अज्ञानावर भाषण देत होतो. परत जोडलं. दाबलं.

ढिम्म.

"पाणी!" मी ओरडलो. "पाण्यानं बोर्ड गेला! संपलं!"

काका हळूच म्हणाले, "ह्याला मेन स्विच कुठं असतो?"

"काका, ही तुमची मोटर नाही."

"न्हाई, पर कुठं असतो?"

"असतो पॉवर सप्लायला, पण..."

काकांनी बॅटरी घेतली, चष्मा कपाळावर चढवला, पुढच्या वायरींमध्ये बोट घातलं. "मंग ह्यो बंद का हाय?"

राव, जमीन दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती. सकाळी निघताना, रिक्षात हिसके बसतील म्हणून, सेफ्टी म्हणून, मी स्वतःच तो बंद करून झाकण लावलं होतं. मीच!

टक. मी बटण दाबलं, पंखा फिरला. कॉम्प्युटर चालू. टाळ्या. हळदीनं काही म्हणता काही झालं नव्हतं.

मला वाटलं, आता काका बोलणार. तासाभराचा हिशोब चुकता करणार. पण काकांनी फक्त बाजूचा पत्रा उचलला, ड्रिलवर नेला, मोजून स्विचच्या समोर एक गोल भोक पाडलं, कड घासली, त्यात रबराचं बूच बसवलं आणि पत्रा डब्याला परत लावला. पाच मिनिटं. एवढं देखणं काम त्या डब्यावर दुसरं कुठलंच नव्हतं, मी निवडलेली जाळीसुद्धा धरून.

सातपुतेशेठ वाकून बघायला लागले. बूच काढून, बोट घालून स्विच टक-टक केला. खूश!

"भारी हाय. मला पण दोन पाहिजेत असलेच."

मी वडिलांकडं बघितलं. छाती आपोआप पुढं आली. "देतो ना शेठ! कधी देऊ?"

"तू नको रं," शेठ पेढा तोंडात टाकत म्हणाले. "मी बाळूला सांगतोय."

काकांनी ऑर्डर घेतली. आणि सोमवारपासून, चाकणऐवजी, त्यांच्या हाताखाली ट्रेनी म्हणून मला लावून घेतलं. वडिलांनी त्यांच्याशीही आधीच बोलून ठेवलं होतं.